लाकडी की काळी

२ ऑगस्ट
(धाकट्या भावाचं ताईला)

ताई,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्र मात्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

दोन रायफली पाठवतोय. परवाने आणि बाकीचे कागद पेटीत वरच ठेवलेत. एक बाबांची लाकडी. ती दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या भावजयीला दिली, हे तुला माहीत आहे. दुसरी माझी काळी, गेल्या वर्षी घेतलेली. तुझा धंदाच रायफली तपासण्याचा, तेव्हा मला एवढंच सांग की सहाशे मीटरच्या चांदमारीला या दोघींतली कुठली खरी. आणि ते तुझ्या सहीशिक्क्याच्या कागदावर हवं, तोंडी नको.

का, ते सांगतो. मी अठरा वर्षं नेमबाजी करतोय, आणि हिला शिकायला लागून दोनच वर्षं झाली. क्लबाच्या गेल्या तिन्ही सामन्यांत हिनं मला मागे टाकलं. वीस गोळ्या, दोनशे गुण. माझे १८३, हिचे १९०. त्याआधी १८२ आणि १८८. तिसऱ्याचं लिहीत नाही.

आता तूच विचार कर. लाकडी माझ्याकडे होती तोवर क्लबात माझ्यापुढे कोणी नव्हतं. ती हिच्याकडे गेली आणि ही पुढे गेली. याचा अर्थ काय होतो? चांगली रायफल मी माझ्या हातानं देऊन बसलो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मोठ्या स्पर्धेसाठी निवड आहे आणि आमच्या क्लबाला एकच जागा आहे. तुझा कागद आला की मी लाकडी परत मागून घेईन. नुसतं मागितलं तर ही देईल, पण अशी बघेल की घेताना माझाच हात आखडेल.

तिला मी सांगितलंय की दोन्ही साफसफाईला पाठवल्यात.

तुझा धाकटा

९ ऑगस्ट
(ताईचं धाकट्याला)

धाकट्या,

रायफली पोचल्या. लाकडीच्या दस्त्यावर गालाच्या जागी पॉलिश उडालंय, ते अजून तसंच आहे. बाबा तुला घेऊन क्लबात जायचे आणि परत आले की रायफल माझ्या हातात द्यायचे. सोबत तेलाची बाटली आणि चिंध्या. ही नळी मी जेवढ्या वेळा पुसली तेवढ्या वेळा तू तिच्यातून गोळी झाडली नसशील. असो.

तू विचारतोस तसा प्रश्न सगळेच विचारतात, "कुठली चांगली?" दुकानदार तीन गोळ्यांचं एक टार्गेट दाखवतो, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. तीन गोळ्या कुणाच्याही चिकटतात. मी पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच झुबके घेते, एकाच खोक्यातल्या काडतुसांचे, दोन झुबक्यांमध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबून. भोकांचा झुबका जेवढा लहान, तेवढी रायफल खरी. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, म्हणजे माणसाची चूक कमीत कमी येते. हे झालं शंभर मीटरवर. पण शंभरवर शहाणी असलेली रायफल सहाशेवर शहाणी असेलच असं नाही. तिथे प्रत्येक गोळी जवळपास त्याच वेगानं सुटायला हवी. वेग कमीजास्त झाला की गोळ्या खालीवर पडतात आणि नेमबाज बिचारा स्वतःला शिव्या घालत बसतो. नळीतला पीळ गोळीच्या वजनाला साजेसा हवा. लांबवर गोळी खाली येते, म्हणून दुर्बिणीला वर चढायला जागा हवी. आणि दस्ता खांद्याला असा बसला पाहिजे की विसाव्या गोळीलाही मान अवघडू नये.

एवढं सगळं बघायला मला दहाबारा दिवस लागतील. सहाशेचा पट्टा आम्हाला फक्त बुधवारी मिळतो.

तुझ्या आकड्यांबद्दल एक बोलू? १८३, १८२. तीन वर्षांपूर्वी लाकडी तुझ्याकडे होती तेव्हा तू मला मोठ्या तोऱ्यात १८४ कळवले होतेस. तू मागे गेलेला नाहीस, धाकट्या. जिथे होतास तिथेच आहेस.

ताई

१४ ऑगस्ट
(धाकट्याचं ताईला)

ताई,

हे शेवटचं वाक्य तू मुद्दाम लिहिलंस. लहानपणी चिमटा काढून वर आईकडे साळसूदपणे बघायचीस, तसंच.

आता घरचं ऐक. हॉलमधल्या सतरंजीवर ही पालथी पडून रिकाम्या हातांनी नेम धरायचा सराव करते. मला बाल्कनीत जायचं असेल तर हिच्या पायांवरून ओलांडून जावं लागतं. ओलांडताना मी मुद्दाम खोकतो, तरी हिची पापणी हलत नाही. क्लबात रेंजमास्तरांनी हिचं १९० चं टार्गेट फळ्यावर लावलंय. मी चहा घेतो त्याच्या बरोबर समोर. आणि आमचा तो दातांचा डॉक्टर, स्वतःला फार विनोदी समजतो. मला म्हणाला, "काय हो, घरात शिकवणी लावलीत की नाही?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू चेहऱ्यावरून काढायला मला गाडीपर्यंत चालावं लागलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. हिला कोणीतरी शिकवतंय. वारा वाचणं असं आपोआप येत नाही. सगळे झाडत असतात तेव्हा ही मधेच थांबते, डोळा दुर्बिणीला लावून नुसती पडून राहते, आणि मग लागोपाठ तीन दहा मारते. मी विचारलं, "आज वारा कसा होता?" तर म्हणाली, "होता." बस, एवढंच. नवऱ्याशी एक शब्द.

आणि परवा ही काम करते त्या चष्म्याच्या दुकानात हिला घ्यायला गेलो, तर मालक सहज म्हणाला, "वहिनींची पत्रं बरीच येतात हो दुकानावर." मी म्हटलं, हो, येतात. जणू मला माहीतच होतं! ताई, हिला दुकानाच्या पत्त्यावर कोण पत्रं लिहितं? माझा संशय त्या दात-डॉक्टरवर आहे. त्याला वाऱ्यातलं कळतं. गेली दोन वर्षं माझी बायको माझ्याशी जे बोलत नाही ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलतेय, हे डोक्यात शिरलं की जेवण जात नाही.

कागद लवकर पाठव. निदान लाकडी तरी माझी मला परत मिळू दे.

धाकटा

२१ ऑगस्ट
(ताईचं धाकट्याला)

धाकट्या,

रायफली आजच परत पाठवल्यात, तपासणीचा कागद सोबत आहे. सही माझी, शिक्का वर्कशॉपचा. थोडक्यात सांगते.

लाकडी: शंभर मीटरवर पाच झुबक्यांची सरासरी चौदा मिलिमीटर, सहाशेवर अकरा सेंटिमीटर. दहा गोळ्यांच्या वेगात फरक सेकंदाला आठ मीटर.

काळी: शंभरवर चोवीस मिलिमीटर, सहाशेवर एकवीस सेंटिमीटर. वेगात फरक एकोणीस मीटर.

लांब पल्ल्याला लाकडी योग्य. तुझा अंदाज बरोबर होता. लाकडी तू घे, काळी तिला दे.

पत्रांचं म्हणशील तर मला त्यातलं काय ठाऊक असणार? डॉक्टरवर उगाच आळ घेऊ नकोस.

ताई

२१ ऑगस्ट
(ताईचं भावजयीला, चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर)

चिमणे,

तुझा नवरा लाकडी परत मागेल. हातात माझा कागद असेल. भांडू नकोस. लाकडी देऊन टाक आणि काळी घे. कारण विचारू नकोस. तुझा तोटा होणार नाही, एवढा शब्द देते.

काळीचं ट्रिगर तुला आधी फार हलकं वाटेल. रिकामीच शंभरदा दाबून बघ. दस्ता एक बोटभर आखूड करून घे, तुझे हात त्याच्याएवढे लांब नाहीत. निवडीच्या दिवसांत वारा बहुधा डावीकडून असतो, पट्ट्याच्या मध्यावरच्या वाऱ्याच्या निशाणाकडे बघ, शेवटच्याकडे नको.

आणि आपल्या पत्रांबद्दल तो विचारेल. दोन वर्षं सांभाळलंस तसं अजून महिनाभर सांभाळ. मी शिकवते हे त्याला कळलं तर तू जिंकलीस तरी तो म्हणेल की ताईनं जिंकवलं. तुझं श्रेय जाऊ नये, म्हणून सांगते.

ताई

२ सप्टेंबर
(भावजयीचं ताईला)

ताई,

आज नमस्कार लिहायला हात होत नाही. तरी लिहिते, कारण वारा, श्वास, बोट, सगळं तुम्हीच शिकवलंत.

काळी घेऊन मी रविवारी पट्ट्यावर गेले. पहिल्याच दिवशी १९४. पाच गोळ्या तर अशा पडल्या की रेंजमास्तर टार्गेटपर्यंत चालत जाऊन आले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण वाटलं, माझा दिवस चांगला आहे. मग तुमचा कागद वाचला. तो कुठे वाचला सांगू? क्लबाच्या फळ्यावर. तुमच्या भावानं तो माझ्या टार्गेटवर टाचलाय.

ताई, लाकडीच्या नळीखालून कागदाची पट्टी सरकत नाही, हे मी तुम्हाला जूनमध्येच लिहिलं होतं. तुमचंच उत्तर माझ्याकडे आहे: दमट हवेत दस्ता फुगून नळीला टेकतो, आणि काडतूस बसतं त्याच्या पुढचा भागही झिजला असणार, पाच हजारांवर गोळ्या गेल्यात. ती रायफल अकरा सेंटिमीटरचा झुबका देईल? तुम्ही आकडे उलटे लिहिलेत. लाकडीचे काळीला, काळीचे लाकडीला.

तुम्हाला वाटलं असेल मी खूश होईन. मी लाकडीनं त्याला तीनदा हरवलं होतं, ताई. झिजलेल्या रायफलीनं, नव्या रायफलीवाल्याला. ते माझं होतं. आता मी जिंकले तर काय, चांगल्या रायफलीनं कोणीही जिंकेल!

आणि त्याचं काय झालंय ते तुम्हाला दिसत नाही. लाकडी घेऊन त्यानं १७७ मारले. मग १७४. दोन दिवस चिडचिड केली, तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाला, "रायफल चांगली आहे, ताईनं लिहून दिलंय. म्हणजे मीच संपलो." मग दुकानातल्या पत्रांबद्दल विचारलं. तुम्हाला दिलेल्या शब्दापायी मी गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्याचा त्यानं काय अर्थ लावला, तो लिहायचीही मला लाज वाटते. तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपतो. त्याच सतरंजीवर.

मला त्याच्यापुढे जायचं होतं. त्याला मोडायचं नव्हतं. तुम्ही मला शिकवत होतात असं मी दोन वर्षं समजत होते. आता वाटतं, तुम्ही माझ्या खांद्यावरून त्याच्यावर नेम धरला होतात.

या शनिवारपर्यंत तुम्ही त्याला खरं सांगा. नाही तर रविवारी मी सांगेन. पत्रांचा गठ्ठा काढून ठेवलाय.

तुमची चिमणी

५ सप्टेंबर
(ताईचं धाकट्याला)

धाकट्या,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच. किंवा तिला शेजारी बसवून वाच, तेच बरं.

मी पाठवलेला कागद खोटा आहे. आकडे खरे आहेत, पण नावं उलटी. चौदा मिलिमीटर तुझ्या काळीचे. अकरा सेंटिमीटरही काळीचेच. लाकडी थकली आहे. तिची नळी झिजली आहे आणि दमट दिवसांत दस्ता नळीला चिकटतो. तिनं १९० मारणारी बाई तुझ्या घरात आहे, आणि त्याचं कारण रायफल नाही.

खोटं का लिहिलं? तू लाकडी मागून घेशील आणि उत्तम रायफल तिच्या हाती पडेल म्हणून. म्हणजे निवडीला तुझी उरलीसुरली आशाही जाईल. तू हरावंस असं मला वाटत होतं. हे वाक्य लिहून मी उठून एक चक्कर मारून आले. परत येऊन वाचलं, तरी ते खरंच वाटलं, म्हणून तसंच ठेवलंय.

पत्रंही माझीच. दोन वर्षांपूर्वी तिनं एकदाच मला विचारलं होतं, "ताई, गोळी वाऱ्यात किती वाहते हो?" एवढ्या वर्षांत घरातलं कोणी मला असं काही विचारलं नव्हतं. तू तर नाहीच. मी रोज रायफली तपासते, धाकट्या, पण पिशव्यांवर टेकवून. पट्ट्यावर पालथं पडून स्वतःसाठी वीस गोळ्या मी आयुष्यात झाडल्या नाहीत. आधी बाबांनी नेलं नाही. मग जाता आलं असतं तेव्हा मीच गेले नाही, कारण तिथे तू होतास, आणि सगळे तुला ओळखत होते. तिला शिकवताना मला वाटायचं, ती झाडते ती गोळी माझी आहे. तू हरल्याचं तिनं कळवलं त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गुणगुणत होते, असं माझा सहकारी म्हणतो.

डॉक्टर बिचारा कशातच नाही. तिच्यावर शंका घेतलीस, ती आधी मागे घे.

खरा कागद सोबत जोडलाय. त्यावर सही माझी नाही, मुख्य तपासनिसांची आहे. मी काल त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. वीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांनी माझा शिक्का काढून घेतला. सहा महिने मी तपासायचं, सही दुसऱ्यानं करायची. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "तुम्ही?" ते फार लागलं.

ताई

२९ सप्टेंबर
(धाकट्याचं ताईला)

ताई,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहायचंच नव्हतं. तुझं पत्र मी हिच्या हातात दिलं, हिनं ते वाचलं आणि कपाटातून गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. "वाच," म्हणाली. "आधी माझी माफी माग, मग वाच." मी मागितली. लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. तू मला ओळखतेस.

एक्केचाळीस पत्रं होती. सगळी वाचली. मला वाटलं होतं, वाचून राग येईल. राग आलाच, पण तू तिला शिकवलंस याचा नाही. तू कुठेतरी तिला लिहिलंयस की तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून वारा कसा ओळखायचा. पुढच्या पत्रात तू तिचं उत्तर तिलाच परत लिहून हसलीयस, की समोरच्या बाईची निळी चादर फार खोटं बोलते. पानापानांवर तुम्ही दोघी हसताय. माझ्याच घरात, मी शेजारच्या खोलीत नळी पुसत असताना. मला १९० चा हेवा वाटत होता ना? तो काहीच नाही म्हणायचा. या चादरीचा मला जो हेवा वाटला, तसला कधी कुणाचा वाटला नव्हता. आणि एका पत्रात तू लिहिलंयस, "धाकट्याला सांगू नकोस, त्याला ऐकून घ्यायची सवय नाही." ते मी तीनदा वाचलं. मग गठ्ठा बांधून हिला परत दिला.

खोट्या कागदाबद्दल मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते अजून झालेलं नाही. ती दोन टार्गेटं, १७७ आणि १७४, मी जपून ठेवलीत. त्या दिवसांत मी क्लबाचं सभासदत्व सोडायचं पत्रही लिहून ठेवलं होतं, हे तुला माहीत असावं.

आता निवडीचं. खरा कागद मीच फळ्यावर लावला. सगळ्यांनी वाचला. डॉक्टरनं वाचून मला चहा आणून दिला. हिनं रेंजमास्तरांना सांगितलं, "आम्ही दोघं एकाच रायफलीनं झाडतो. काळीनं. म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको." त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, पहिली पाळी माझी आली. दस्ता माझ्या हाताएवढा लांब करून घेतला, वीस गोळ्या झाडल्या. १८५. ताई, ते माझे आजवरचे सगळ्यात जास्त आहेत. उठलो तेव्हा खरं सांगतो, वाटलं की झालं, आपण जिंकलो.

मग नळी गार होईपर्यंत थांबलो. हिनं दस्ता आखूड केला आणि पडली. मी मागे उभा होतो. पहिल्यांदाच नीट बघितलं, नाही तर मी दर वेळी माझ्याच टार्गेटकडे बघत असतो. अकराव्या गोळीला वारा फिरला. मी तर झाडूनच टाकली असती. ही थांबली. किती थांबली! लोक कुजबुजायला लागले. मला आत कुठेतरी वाटत होतं, चूक कर, एक चूक कर, आणि त्याच वेळी माझे हात घामेजले होते की ही चुकेल. दोन्ही एकदमच होतं. मग निशाण पडलं आणि हिनं गोळी झाडली. दहा.

१९३. डॉक्टर दुसरा, १८८. मी तिसरा.

घरी येताना गाडीत ही म्हणाली, "तुझे १८५ चांगले होते." मी म्हटलं, "तुझे जास्त चांगले होते." हे म्हणायला मला दोन सिग्नल लागले.

मोठी स्पर्धा पुढच्या महिन्यात सतरा तारखेला आहे. तिथे नेमबाजाच्या मागे एक माणूस बसू देतात, वारा सांगायला. मला वाटलं, ही मला विचारेल. दोन दिवस मी उगाच हिच्या आसपास घुटमळत होतो. काल हिनं अर्ज भरला, त्या रकान्यात तुझं नाव आहे. मला विचारलंही नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते लपवायलाही जमलं नाही. ही म्हणाली, "त्यांच्यावर मी अजून रागावलेय. पण वारा त्यांच्याइतका कुणाला कळत नाही."

तुझं तिकीट मी काढलंय, सोबत आहे. सोळाला संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येईन. तू हिच्या मागे बस. मी तुझ्या मागे बसतो. तुम्ही जे बोलाल ते मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोला.

धाकटा